उतरत्या हिरड्या: मशेरीपासून कलमापर्यंत

हिरडी उतरणे म्हणजे दाताच्या मानेशी घट्ट बिलगून असलेली हिरडीची कड आपली मूळ जागा सोडून मुळाच्या दिशेने सरकणे. खालच्या दातांची हिरडी खाली जाते, वरच्या दातांची वर. बोलीत मात्र दोन्हींना ‘हिरड्या उतरल्या’ असेच म्हणतात. ‘दात लांब झाले’, ‘दात उघडे पडले’, ‘हिरडीने दात सोडला’ ही त्याच तक्रारीची आणखी काही रूपे. दात लांब होत नाही. जन्मभर झाकलेला राहायला हवा होता तो भाग दिसू लागतो, एवढेच.

झाकलेला आणि उघडा हे दोन भाग एकाच घडणीचे नसतात, आणि सगळा त्रास तिथूनच सुरू होतो. तोंडात दिसणाऱ्या दातावर एनॅमलचे कवच असते. शरीरातला हा सगळ्यांत टणक पदार्थ. हे कवच दाताच्या मानेपाशी संपते. तिथून खाली, मुळावर, सिमेंटम नावाचा पातळ थर असतो आणि त्याच्या आत मऊसर पिवळट डेंटिन. सिमेंटमपासून बारीक तंतू निघून जबड्याच्या हाडात रुतलेले असतात. दात जबड्यात उभा राहतो तो या तंतूंच्या आधाराने. समोरच्या दातांच्या मुळांवर ओठाच्या बाजूने हाडाचा जो पापुद्रा असतो तो कित्येकांत कागदाइतका पातळ असतो, काहींत तर जन्मतःच तिथे खिडकीसारखी मोकळी जागा असते. म्हणून हिरडी उतरण्याचा विचार नुसत्या हिरडीपुरता करून भागत नाही. जिथे हिरडी खाली गेली आहे, तिथे तिच्या आतले हाडही नाही, असे समजावे.

उघड्या पडलेल्या मुळावरचा सिमेंटम घासून लवकर निघून जातो आणि डेंटिन उघडे होते. डेंटिनमध्ये हजारो सूक्ष्म नळ्या असतात, त्यांत पाण्यासारखा द्रव भरलेला असतो आणि आतल्या टोकाला दाताची नस. गार, गोड किंवा आंबट काही लागले की नळ्यांतला द्रव हलतो आणि ती हालचाल नसेला कळ म्हणून जाणवते. स्वीडिश संशोधक ब्रॅनस्ट्रॉम यांनी 1960 च्या दशकात प्रयोगांनी पुढे आणलेला हा खुलासा आजही सर्वमान्य आहे. नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यात, गोदाकाठच्या सायखेड्यात या नळ्यांची परीक्षा हिवाळ्यात होते. याच तालुक्यातल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा पाच अंशांच्याही खाली उतरल्याच्या नोंदी आहेत. अशा पहाटे नळाच्या पाण्याने चूळ भरली की ज्याची हिरडी उतरली आहे तो गाल धरून उभा राहतो. पुढे जानेवारी ते मार्च द्राक्षांची खुडणी. बागेत काम करताना कच्ची-पक्की द्राक्षे सहज तोंडात टाकली जातात. त्यांच्या आंबटपणाने दात आंबतात आणि उघड्या मुळाचा पृष्ठभाग थोडा आणखी मऊ पडतो. तसाच ब्रश लगेच फिरवला तर तो मऊ थर घासून निघतो. आंबट खाल्ल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी आणि अर्धा तास तरी दातांना ब्रश लावू नये, हा नियम द्राक्षपट्ट्यात प्रत्येक घरात माहीत असायला हवा.

वय झाले की हिरड्या उतरायच्याच, ही समजूत सगळीकडे आहे आणि तिनेच सर्वांत जास्त नुकसान केले आहे. वयाबरोबर हिरड्या उतरलेल्या माणसांचे प्रमाण वाढते, हे खरे. पण वय हे कारण नव्हे. कारणाला काम करायला मिळालेला तो काळ असतो. याचा सर्वांत स्पष्ट पुरावा हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिला. त्यांनी नॉर्वेतील सुशिक्षित, दातांची नियमित काळजी घेणाऱ्या पुरुषांचा एक गट आणि श्रीलंकेतील चहामळ्यांत राबणाऱ्या, ब्रश माहीत नसलेल्या तमिळ मजुरांचा दुसरा गट वर्षानुवर्षे तपासला. हिरड्या उतरण्याविषयीचे त्यांचे निष्कर्ष 1992 साली प्रसिद्ध झाले. नॉर्वेकरांत विशीतच निम्म्याहून अधिक जणांच्या एखाद-दुसऱ्या दाताची हिरडी उतरलेली होती आणि पन्नाशीपर्यंत हे प्रमाण 90 टक्क्यांच्या पुढे गेले. पण ती उतरली होती बहुतेक गालाच्या बाजूने, जिथे ब्रश जोरात फिरतो. श्रीलंकेतील मजुरांत विशीच्या आत सुमारे 30 टक्के होते, चाळिशीत मात्र झाडून सगळे; आणि त्यांची हिरडी दाताच्या चारी बाजूंनी गेली होती. एक गट घासून घासून, दुसरा न घासता, असे दोघेही तिथेच पोहोचले. हिरडी उतरण्याच्या दोन मोठ्या वाटा एवढ्या एकाच अभ्यासात समोर येतात: मळाची आणि घासण्याची.

मळाची वाट अशी. दातावर जिवाणूंचा चिकट थर रोज बसतो. तो रोज काढला नाही तर लाळेतल्या क्षारांनी दगडासारखा घट्ट होतो. त्याला गावात कीटण म्हणतात. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला ते सर्वांत आधी जमते, कारण लाळग्रंथींची तोंडे तिथेच उघडतात. कीटणाच्या खरखरीत पृष्ठभागावर नवा थर बसतो, हिरडी सुजते, लाल होते, घासताना रक्त येते. रक्त आले म्हणून माणूस तिथे ब्रश लावायचे टाळतो आणि मळ आणखी साठतो. काही वर्षांत सूज आत हाडापर्यंत जाते, हाड विरघळते आणि हिरडी त्याच्यामागे उतरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या अहवालानुसार जगात 100 कोटींहून अधिक लोकांना हिरड्यांचा गंभीर आजार आहे. मधुमेह असेल तर या वाटेवरची चाल आणखी वाढते. रक्तातली साखर हाताबाहेर असली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्यांतला जंतुसंसर्ग साखर आटोक्यात येऊ देत नाही. मधुमेही माणसाच्या तपासणीत डोळे आणि पाय पाहिले जातात. तोंड पाहायचे राहून जाते, आणि ही चूक महाग पडते.

घासण्याची वाट उलटी. इथे दात स्वच्छ असतात, हिरडी गुलाबी आणि घट्ट असते, रक्त येत नाही. फक्त ती जागेवर नसते. कडक केसांचा ब्रश, करवत चालवल्यासारखे आडवे घासणे आणि मनगटाचा जोर, या तिघांचे हे काम. जबड्याच्या वळणावर पुढे आलेले सुळे आणि त्यांच्या शेजारच्या लहान दाढा प्रथम बळी पडतात, आणि उजव्या हाताने घासणाऱ्यात बरेचदा डाव्या बाजूचे. पुढे दाताच्या मानेपाशी कुऱ्हाडीचा घाव बसावा तशी पाचरीच्या आकाराची खाच पडते. नखाने ती सहज लागते. शेणीची राखुंडी, कोळसा, विटेची भुकटी, जाडे मीठ, भरड लाल मंजन, यांपैकी काहीही बोटाने रोज घासले तर परिणाम हाच. पांढरेशुभ्र दात मिळाले असे त्या माणसाला वाटते आणि आठ-दहा वर्षांनी त्याच दातांचे पिवळे मूळ बाहेर येते. बाभूळ, कडुनिंब, करंज यांची दातवणे वाईट नाहीत, पण टोक चावून मऊ कुंचला करून उभे फिरवले तरच. वाळलेले, टोकदार दातवण हिरडीला जखमच करते.

महाराष्ट्रात तिसरी वाट आहे, आणि तिच्यात या दोन्हींचे दोष एकत्र येतात. ती मशेरीची. तंबाखूची पाने किंवा चुरा लोखंडी तव्यावर टाकायचा, मंद आचेवर तो तपकिरी, मग काळा होईपर्यंत हलवत राहायचे. घरभर ठसका लागणारा धूर होतो. गार झाल्यावर हाताने चुरायचे, वस्त्रगाळ करायचे आणि डबीत भरायचे. चिमूटभर डाव्या तळव्यावर घेऊन उजव्या हाताच्या तर्जनीने ती दातांवर आणि हिरड्यांवर फिरवली जाते. सकाळी उठल्यावर एकदा हा नियम असतो, पण तो नियमात राहत नाही. परसाकडे जाण्याआधी, चहानंतर, दुपारच्या भाकरीनंतर, निजण्याआधी. मशेरी तोंडात धरून बसणे हळूहळू विसावा घेण्याचे नाव होते. निफाड पट्ट्यात कांद्याची लागवड, निंदणी, द्राक्षांची खुडणी ही कामे बायकांच्या टोळ्या करतात. त्यांत गावातल्या असतात, तशाच पेठ-सुरगाण्याकडून हंगामासाठी आलेल्याही. बांधावर सावलीत बसलेल्या टोळीत एकीची डबी निघाली की ती पाच-सहा जणींत फिरते. पोटात भूक आणि पाठीत कळ असताना डबी हातात येते, हे या सवयीचे खरे मूळ आहे, आणि ते समजून न घेता नुसते ‘तंबाखू वाईट’ सांगणाऱ्याचे कोणी ऐकत नाही.

मशेरीचा खरबरीतपणा मुळाला घासतो. तिच्यातला तंबाखू हिरडीशी रोज काही तास लागून राहतो आणि त्या जागेची हिरडी पातळ पडत, सुरकुतत मागे सरकते. तंबाखूची गोळी किंवा तपकीर नेहमी ज्या कोपऱ्यात धरली जाते, नेमक्या त्याच दातांची हिरडी उतरलेली दिसते. खालच्या ओठाच्या मागची जागा तर तपासणाऱ्याला तोंड उघडताच सवय सांगून टाकते. शिवाय मशेरी लावल्यावर दात ‘साफ झाले’ अशी समजूत असल्याने ब्रश येतच नाही, आणि कीटण तर जमतेच. घासणे, विष आणि मळ असे तिन्ही एका बोटावर.

तंबाखूच्या अशा सवयींचे धोके मुंबईतल्या संशोधकांनी फार आधी ओळखले होते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंतसंशोधन विभागाचे फली मेहता, प्रकाश गुप्ता आणि त्यांचे सहकारी पुणे जिल्ह्याच्या गावागावांतून फिरले आणि 1,01,761 लोकांची तोंडे तपासून तोंडाचा कर्करोग व त्याआधीच्या खुणा यांवरचा अहवाल त्यांनी 1972 साली प्रसिद्ध केला. एवढ्या संख्येने खेड्यातल्या माणसांना तोंड उघडायला लावणे हे त्या काळात केवढे काम असेल. पुढे गुप्ता आणि श्रीविद्या यांनी मुंबईत 1,217 गर्भवतींचा पाठपुरावा केला; त्यांत धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या बायका होत्या आणि त्यांची मुख्य सवय मशेरीचीच होती. त्यांच्या बाळांचे वजन सरासरी 105 ग्रॅमने कमी भरले, असे 2004 मध्ये प्रसिद्ध झाले. केंद्र सरकारने 1992 मध्ये टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालण्यावर बंदी घातली आणि राज्याने 2012 मध्ये गुटख्यावर. मशेरी मात्र घरच्या तव्यावर तयार होते. तिला कारखाना नाही, वेष्टन नाही, त्यामुळे ती कोणत्याच बंदीच्या हाती लागत नाही. 2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील 24.4 टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत असल्याचे आढळले; बायकांत ते प्रमाण 16.6 टक्के होते. म्हणजे साधारण सहा बायकांत एक.

बाकीची कारणे थोडक्यात पाहता येतील. काहींची हिरडी आणि तिच्यामागचे हाड जन्मतः पातळ असते. अशांना थोडा जोरही पुरतो. दात रांगेच्या बाहेर आला असेल तर त्याच्या मुळावर हाड कमी पडते. ओठ आतून हिरडीशी बांधणारा दोरा फार वरपर्यंत जोडलेला असेल तर बोलता-हसताना तो हिरडी ओढत राहतो. तारा लावून दात हाडाच्या बाहेर ढकलले गेले, कॅपची कड हिरडीत रुतली, तरीही हिरडी जाते. दातांखाली पेन्सिल, सुई किंवा दोरा धरण्याची सवयही पुरे होते. बाजारात टपरी मांडून ‘एका तासात पक्के दात’ बसवणारे लोक नुसते मसाल्याने शेजारच्या दातांना खोटा दात चिकटवतात. त्याखाली अन्न कुजते, हिरडी जळते आणि दोन वर्षांत चांगले शेजारी दातही हलू लागतात. हा प्रकार खेड्यापाड्यांत अजून चालतो आणि त्यात पैसे वाचत नाहीत, दात जातात.

आजार नवा नाही. सुश्रुतसंहितेत दातांच्या मुळाशी म्हणजे हिरड्यांशी संबंधित पंधरा रोग सांगितले आहेत. त्यांतल्या शीतादाच्या वर्णनात रक्त येणारी, दुर्गंधी, काळवंडलेली आणि झडत जाणारी हिरडी आहे. आजच्या डॉक्टरला ती ओळखू यावी इतके ते नेमके आहे. गार पाण्याने कळ येण्याला दंतहर्ष हे वेगळे नाव तिथे मिळाले आहे.

स्वतःची हिरडी घरी तपासता येते. दुपारच्या उजेडात आरसा घेऊन ओढणीच्या किंवा रुमालाच्या टोकाने ओठ बाजूला करावा. दात जिथे पांढऱ्याचा पिवळा होतो ती रेषा पाहावी. ती दिसत असेल तर हिरडी उतरलेली आहे, कारण निरोगी तोंडात ती रेषा हिरडीच्या आत असते. दातांच्या मधे पूर्वी गुलाबी टोक होते तिथे काळा त्रिकोण दिसत असेल तर दोन दातांमधले हाड कमी झाले आहे. ही खूण अधिक गंभीर समजावी. मोबाइलने फोटो काढून ठेवावा आणि सहा महिन्यांनी त्याच उजेडात पुन्हा काढावा. हिरडी वाढत्या वेगाने उतरते आहे की वीस वर्षांपूर्वीच थांबलेली आहे, हे एका तपासणीत कोणालाच सांगता येत नाही. दोन फोटो ते सांगतात.

डॉक्टर हे उतरणे मोजतात. मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई हिरडीच्या कडेशी आणि मग हिरडी व दात यांच्या फटीत अलगद घालतात. समजा कड तीन मिलिमीटर उतरली आहे आणि आतली फट दोन मिलिमीटर खोल आहे. तर दाताचा आधार पाच मिलिमीटरने गेला. दुसऱ्या एखाद्या दाताची हिरडी जागेवर दिसते, पण फट सहा मिलिमीटर असते. नुकसान त्याचे अधिक झालेले असते, फक्त दिसत नाही. म्हणून आरशातल्या हिरडीवर समाधान मानू नये. एक्स-रेमध्ये दातांमधल्या हाडाची उंची कळते आणि पुढे काय साधेल याचा अंदाज तिच्यावरच बांधतात. अमेरिकेतील मिलर यांनी 1985 मध्ये केलेले चार वर्गांचे वर्गीकरण बरीच वर्षे चालले. 2011 मध्ये इटलीतील कैरो यांनी ते तीन प्रकारांवर आणले. दातांमधले हाड शाबूत असेल तर उघडे मूळ पूर्ण झाकण्याची आशा धरता येते. ते हाड समोरच्या बाजूइतके किंवा त्याहून कमी गेले असेल तर काही प्रमाणात झाकते. त्याहून जास्त गेले असेल तर पूर्ण झाकण्याचे वचन कोणी देऊ नये.

उपचारातला पहिला प्रश्न असा, की उपचार हवाच का? एखादा मिलिमीटर उतरलेली, न दुखणारी, स्वच्छ ठेवता येणारी आणि वर्षानुवर्षे तिथेच असलेली हिरडी तशीच राहू द्यावी. लहान मुलांत एखाद्या खालच्या पुढच्या दाताची हिरडी उतरलेली दिसते, ती दात रांगेत आल्यावर आणि सफाई सुधारल्यावर पुष्कळदा आपोआप वर येते. मोठ्यांत तसे होत नाही. उतरलेली हिरडी कोणत्याही पेस्टने, तेलाने, चूर्णाने किंवा मालिशने पुन्हा चढत नाही. ‘हिरड्या मजबूत करणारे’ म्हणून जे विकले जाते त्याने फार तर सूज कमी होते. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्यांनी आराम पडतो, लवंगेच्या तेलाने कळ काही वेळ बधिर होते, तुरटीने रक्त थांबते. आणि यातले काहीही कीटण काढत नाही. रक्त थांबले म्हणजे रोग गेला असे समजून वर्ष घालवले तर तुरटी उपकारक नव्हे, घातकच ठरते.

कीटण काढण्याची भीती खेड्यात सर्वांत मोठी. ‘दात साफ केले की हलतात, फटी पडतात’ हे वाक्य प्रत्येक दवाखान्यात रोज ऐकू येते, आणि ते सांगणारा खोटे बोलत नसतो. त्याने तसे पाहिलेले असते. कारण असे की दातांमधली फट हाड गेल्यामुळे आधीच पडलेली असते आणि कीटणाने ती सिमेंट भरावे तशी भरलेली असते. ते काढले की फट उघडी दिसते. हलणारे दात एकमेकांना कीटणानेच जखडलेले असतात. ते निघाले की हलणे जाणवते. सुजलेली हिरडी सूज उतरल्यावर आक्रसते आणि दात आणखी लांब दिसतो. थोडे दिवस गार पाणी जास्त झोंबते. हे सगळे सफाईने केलेले नाही, सफाईने उघडे केले आहे. डॉक्टरांनी हे आधी न सांगता उपकरण चालवले तर तो रोगी परत येत नाही आणि शेजारच्या दहा जणांनाही येऊ देत नाही. सफाईआधीची ही पाच मिनिटे उपचाराचाच भाग आहेत.

घरी करायचे काम रोजचे आणि साधे आहे. मऊ केसांचा ब्रश पेनसारखा बोटांत धरावा. मुठीत धरला की जोर येतो. केस अर्धे हिरडीवर, अर्धे दातावर असे तिरपे टेकवावेत आणि जागच्या जागी थरथरवून दाताच्या टोकाकडे वळवावेत: वरचे दात वरून खाली, खालचे खालून वर. आडवी करवत बंद. वाटाण्याएवढी पेस्ट, दोन वेळा, दोन-दोन मिनिटे. महिन्याभरात ब्रशचे केस पसरत असतील तर जोर जास्त पडतो आहे. दातांमधे फट असेल तर तिथे बाटली धुण्याच्या कुंचल्यासारखा दिसणारा छोटा ब्रश वापरावा. टाचणी, खिळा आणि काडेपेटीतली काडी फट वाढवतात.

मशेरी सोडणे यापेक्षा अवघड. पहिले चार-पाच दिवस चिडचिड होते, डोके दुखते, शौचाला साफ होत नाही, आणि बहुतेक बायका तिथेच परत फिरतात. सकाळी उठल्यावर भरपूर कोमट पाणी, तलफ येईल तेव्हा तोंडात बडीशेप किंवा भाजलेला ओवा, आणि घरातली डबी खरोखर फेकून देणे याने तो आठवडा निभावतो. सासू आणि सून दोघी लावत असतील तर दोघींनी एकाच दिवशी सोडावी. एकीची डबी घरात राहिली की दुसरीची सुटत नाही. मशेरी सोडली म्हणून गेलेली हिरडी परत येत नाही, पण उतरण्याचा वेग मंदावतो आणि पुढे शस्त्रक्रिया करायची झाल्यास ती यशस्वी होण्याची शक्यता वाढते.

कळ येत असेल तर पोटॅशियम नायट्रेट, स्टॅनस फ्लोराइड किंवा आर्जिनिन असलेली पेस्ट वापरतात. पहिले नसेला शांत करते, बाकीची दोन नळ्यांची तोंडे बुजवतात. दोन ते चार आठवडे रोज वापरल्याशिवाय गुण येत नाही; चार दिवसांत पेस्ट बदलणाऱ्याला कोणतीच लागू पडत नाही. तेवढ्याने भागले नाही तर दवाखान्यात फ्लोराइडचा लेप देतात. पाचरीची खाच खोल असेल तर ती दाताच्या रंगाच्या सिमेंटने भरतात. असे भरणे मुळाचे रक्षण करते, हिरडीचे नाही.

राहिली शस्त्रक्रिया. हिरडी उतरतच चालली असेल, कळ थांबत नसेल, मुळाला कीड लागत असेल किंवा हसताना लांब दात दिसण्याचा संकोच वाटत असेल, तर हिरडीचे कलम करतात. द्राक्षबागायतदाराला हे समजावून सांगावे लागत नाही. डॉगरिजच्या खुंटावर कलम बांधताना काडी हलता कामा नये, वाळता कामा नये आणि खुंटाचा रस तिच्यात उतरायला हवा, हे निफाडात पोरालाही ठाऊक असते. हिरडीच्या कलमाचेही तेच. टाळूवरून घेतलेली पातळ पट्टी उघड्या मुळावर बसवून टाके घालतात. पहिले दोन-तीन दिवस ती शेजारच्या ऊतींतून झिरपणाऱ्या द्रवावरच जगते, मग कडेने रक्तवाहिन्या तिच्यात शिरतात. मूळ म्हणजे रक्त नसलेला दगड. त्याच्यावर पडलेला कलमाचा भाग केवळ काठांच्या रक्तावर तगतो. म्हणूनच अरुंद उघडे मूळ झाकणे सोपे आणि रुंद झाकणे कठीण.

पद्धती अनेक आहेत. शेजारच्या दाताची हिरडी आडवी सरकवून आणण्याची पद्धत 1956 पासूनची. टाळूचा वरचा थर घेऊन लावणे 1960 च्या दशकात रूढ झाले. ते मजबूत, पण रंगाने फिकट ठिगळासारखे दिसते. लँगर यांनी 1985 मध्ये टाळूच्या त्वचेखालचा थर घेऊन तो हिरडीच्या आत सरकवण्याची पद्धत मांडली. टाळूची जखम तिच्यात लवकर भरते, रंग जुळतो, आणि आज हीच पद्धत सर्वांत भरवशाची मानतात. 2001 पासून फ्रान्समधल्या शुक्रून यांच्या पद्धतीने रोग्याचे थोडे रक्त फिरवून त्यातली तंतुमय जाळी काढून वापरतात; टाळूला हात लावावा लागत नाही हा फायदा, पण कलमाची बरोबरी ती प्रत्येक ठिकाणी करत नाही. ओठाचा दोरा ओढत असेल तर आधी तो मोकळा करावा लागतो.

शस्त्रक्रिया जागा बधिर करून होते, रात्री घरी जाता येते. दोन आठवडे त्या जागेवर ब्रश लावायचा नाही, डॉक्टरांनी दिलेल्या औषधी पाण्याने गुळण्या करायच्या, मऊ जेवायचे, ओठ ओढून आरशात वारंवार पाहायचे नाही. दहा ते चौदा दिवसांत टाके निघतात. बिडी, सिगारेट किंवा मशेरी चालू असेल तर कलम लागण्याची शक्यता कमी होते, आणि मधुमेह आटोक्यात नसेल तर जखम भरत नाही. शिवाय ज्या घासण्याने हिरडी गेली ते तसेच राहिले तर नवी हिरडीही जाते. कारण काढल्याशिवाय कलम करणारा डॉक्टर रोग्याचे पैसे वाया घालवतो, हे स्पष्ट सांगितले पाहिजे.

सायखेड्याहून नाशिक तास-सव्वा तासावर आहे. पंचवटीत महात्मा गांधी विद्यामंदिराचे कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालय आहे आणि तिथे हिरडीरोगांचा स्वतंत्र विभाग आहे. दंत महाविद्यालयांत सफाई आणि शस्त्रक्रियेचा खर्च खासगी दवाखान्याच्या मानाने बराच कमी असतो. वेळ मात्र जास्त लागतो, कारण शिकणारे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. कांद्याचे लिलाव नसतील अशा दिवशी, सकाळी लवकर, डबा आणि मधुमेह असेल तर त्याचे औषध बरोबर घेऊन जावे. मशेरी किंवा तंबाखू सोडायची असेल तर केंद्र सरकारची मोफत मदतवाहिनी 1800-11-2356 या क्रमांकावर आहे. फोन घरातली सून लावून देईल, बोलायचे मात्र जिच्या डबीत मशेरी आहे तिनेच.